हद्दीचा दगड

बर्फ वितळलं की आमच्याकडे पहिले उगवतात ते दगड.
राईच्या आधी, बटाट्याच्या आधी,
कोठारावरच्या जुन्या चाकात करकोचे परतायच्याही आधी.
हिवाळाभर जमीन आतून गोठते, फुगते,
आणि एप्रिलात एकेक धोंडा वर ढकलते,
हिरडीतून दात यावा तसा.

मी सत्तावीस वर्षं वेचते आहे,
सासरे एकाहत्तर.
"संपत कसे नाहीत?" लग्न झालं त्या वर्षी विचारलं होतं.
"पेरतंय कोण ते कळलं की सांगतो," म्हणाले.
अजून कळलेलं नाही.

पाचला ठिपक्यांच्या मार्गेची धार.
आधी पत्र्यावर दुधाचा आवाज,
मग दुधावर दुधाचा.
गोठ्यामागच्या बर्चला नळी लावून ठेवलेली,
बरणीत रात्रभर साठलेला रस:
पाणीच, पण काहीतरी आठवत असलेलं पाणी.
त्यात एक मुंगी. बोटानं काढली, प्यायले.
तळघरात बटाट्यांना वीतभर पांढरे कोंब;
उग्ने ते मोडत बसलेली,
परीक्षेची वही गुडघ्यावर, तोंडात गाजर.
थोरला दोमांतास नॉर्वेत मासे साफ करतो.
दर रविवारी फोनवर: "आई, ट्रॅक्टरचा क्लच बदलला ना?"
बदललेला नाही. हो म्हणते.

आज खालच्या शेतात
रिमवीदासच्या नांगराला खण्णकन लागलं.
नेहमीचंच. पण हा हलेना.
पहार घातली. मग दोघांनी मिळून घातली.
मग हातानं माती उकरली, तर
चारी बाजू ताशीव,
डोक्यावर कोरलेली फुली.

सासरे काठी टेकत आले, बूट चिखलात रुतवत.
दगड पाहिला आणि टोपी काढली.
"दहा वर्षांचा होतो मी," म्हणाले,
"सरकारी ट्रॅक्टर आला आणि एका आठवड्यात सगळे बांध मोडले.
आमचं, यादविगाच्या बापाचं, चर्चचं,
सगळं एकच रान.
पुढे जमिनी परत मिळाल्या, तेव्हा मोजल्या आठवणीनं.
आठवण नेहमी आपल्याच बाजूला झुकते."

चरापासून पावलं मोजली. अकरा.
दगड आमच्या बाजूला अकरा पावलं आत.
म्हणजे यादविगाच्या अकरा पावलांतले बटाटे
आम्ही तीस वर्षं खाल्ले.
बांध कुणी कोरला नव्हता.
तरी कोरला गेला होता.

रिमवीदासनं माझ्याकडे पाहिलं, मी चिखलाकडे.
"परत माती लोटू या?" उग्ने म्हणाली.
कुणी तिला रागावलं नाही.
तो विचार तिच्या एकटीचा थोडाच होता.
वर कुठेतरी चंडोल गात होता, दिसत नव्हता.

सासरे दगडावर बसले. काळा पाव खाल्ला,
चरबीच्या दोन फोडी खाल्ल्या,
चाकू विजारीला पुसून मिटला.
मग मला म्हणाले, "वीस अंडी दे. मोठी बघून."

यादविगा अंगणात चादरी वाळत घालत होती.
तोंडात चिमटा धरून तिनं सगळं ऐकलं,
चिमटा चादरीला लावला,
अंडी मोजली.
"आणि त्या पट्ट्यातले दगड?
तीस वर्षांत वेचलेत ते?
तेही माझेच ना?
गोठ्याची भिंत बांधलीत तुम्ही त्यांची."
सासऱ्यांचा घसा कोरडा.
"माझे गुडघे आता मला विहिरीपर्यंत नेत नाहीत, काझिमिएरास,
मी कुठे पेरणार? तुम्हीच पेरा.
अर्धे बटाटे इथे आणून टाका.
आणि तो दगड मात्र हलवू नका."
मग दुसरी चादर झटकली,
इतकी जोरात, की आम्ही दोघंही दोन पावलं मागे.

संध्याकाळी नांगर त्या दगडाला वळसा घालून गेला.
सत्तावीस वर्षांत हा पहिला धोंडा,
जो मी उचलला नाही.
पाठ दुखायची ती दुखतेच आहे.
रविवारी दोमांतासला सांगून टाकेन,
क्लच गेलाय.